आपल्या माणसांत शिकायचा सिनेमा

मराठी सिनेमाची पहिली कार्यशाळा १९१२ साली दादरच्या एका राहत्या घरात भरली. दादासाहेब फाळके लंडनहून विल्यमसन बनावटीचा कॅमेरा घेऊन आले होते. कच्ची फिल्म भोकं न पाडलेली यायची. अंधारात बसून तिच्या कडांना नेमक्या अंतरानं भोकं पाडायचं काम सरस्वतीबाई फाळक्यांनी शिकून घेतलं. रसायनं कालवणं, फिल्म धुणं, चित्रीकरणाच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून प्रकाश वळवणं आणि या सगळ्यासोबत मंडळींचा स्वयंपाक, हेही त्यांनीच सांभाळलं. तारामतीचं काम करायला बाई मिळेना, तेव्हा एका हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके ती भूमिका शिकले. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. त्यामागे सिनेमाची पदवी घेतलेलं कुणीही नव्हतं. होती ती हातानं काम करत, एकमेकांना दाखवत शिकलेली माणसं.

या चित्रपटासाठी पैसा उभा करायचा होता तेव्हा फाळक्यांनी आधी एक छोटी फिल्म केली. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि रोज थोडं थोडं चित्रण करत रोपाची वाढ टिपली. जवळजवळ महिनाभराची वाढ पडद्यावर मिनिटभरात दिसली. ती त्यांनी ओळखीच्या मोजक्या मंडळींना दाखवली आणि त्यातूनच कर्जाची वाट मोकळी झाली. लहान काम पुरं करायचं, ते आपल्या माणसांना दाखवायचं, त्यांच्याकडून बळ घ्यायचं आणि मोठ्या कामाला लागायचं. आजही चांगली स्थानिक कार्यशाळा याच क्रमानं चालते. माझ्या मते या क्रमातली दुसरी पायरी, म्हणजे आपल्या माणसांना दाखवणं, ही सगळ्यात मोलाची आहे. ती वगळली तर कार्यशाळेत यंत्र चालवायला शिकता येतं, सिनेमा शिकता येत नाही.

संस्था आणि गाव

सिनेमाचं शास्त्रशुद्ध शिक्षण देणारी देशातली अग्रगण्य संस्था पुण्यातच आहे. कोल्हापुरात १९२९ साली सुरू झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्याला आली आणि तिच्याच आवारात १९६० साली ही फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. तिथं मिळणारं शिक्षण सखोल असतं, पण जागा मोजक्या आणि अभ्यासक्रम पूर्ण वेळाचा. शेती, नोकरी, दुकान किंवा घर सांभाळून सिनेमा शिकू पाहणाऱ्याला ती वाट सहसा परवडत नाही. सिनेमा पाहायला शिकवण्याचं काम फिल्म सोसायट्यांनी केलं. मुंबईचं प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून ते करत आलं आहे. सिनेमा करायला मात्र पूर्वी फिल्मचा खर्च आडवा यायचा. आधी व्हिडिओ कॅमेऱ्यानं आणि पुढे मोबाइल फोननं ही अडचण मोडून काढली.

यंत्र घरोघरी आलं, तरी शिकवणारं कुणीतरी लागतंच. फोननं लग्नाचं तासभराचं चित्रण करणारे असंख्य आहेत. त्यातून तीन मिनिटांची गोष्ट काढता येणारे थोडे. हे अंतर दोन-तीन दिवसांच्या कार्यशाळेत बरंच कमी होतं. त्यासाठी शाळेचा वर्ग, समाजमंदिर किंवा वाचनालयाची खोली पुरते.

पहिला दिवस: कॅमेरा सोपवायचा

समाजासोबत व्हिडिओ करणाऱ्या प्रशिक्षकांनी जगभरात काही साधे खेळ रूढ केले आहेत. पहिला खेळ नावांचा. सगळे गोलात बसतात. एकाच्या हाती कॅमेरा, समोरच्याच्या हाती माइक. समोरचा आपलं नाव आणि स्वतःविषयी एखादी गोष्ट सांगतो, दुसरा ते टिपतो. मग कॅमेरा आणि माइक दोन्ही पुढे सरकतात. फेरी संपेपर्यंत प्रत्येकानं एकदा चित्रण केलेलं असतं आणि प्रत्येक जण एकदा कॅमेऱ्यापुढे आलेला असतो. हे चित्रण तिथल्या तिथं सगळ्यांनी मिळून बघायचं. कुणाचं डोकं चौकटीबाहेर गेलं, कुणाचा आवाज आलाच नाही, कुणामागून उजेड आल्यानं चेहरा काळा पडला, हे शिकवणाऱ्याला सांगावं लागत नाही. बघणारेच बोलू लागतात.

दुसरा खेळ गायब होण्याचा. सगळ्यांनी ओळीनं बसायचं, कॅमेरा पक्का रोवायचा. काही सेकंद चित्रण करून थांबायचं, एकानं उठून जायचं, बाकीच्यांनी तसूभरही हलायचं नाही, पुन्हा चित्रण सुरू. पडद्यावर माणसं एकेक करून नाहीशी होतात. लहान मुलं तर हे पाहून टाळ्याच पिटतात. फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएसनं याच युक्तीवर आपले जादूचे चित्रपट उभे केले. कॅमेरा थांबवून पुन्हा सुरू केला की मधला काळ नाहीसा होतो, आणि हेच संकलनाचं मूळ आहे, ही मोठी गोष्ट या खेळातून न सांगता समजते.

या पहिल्या दिवशी शिकवणाऱ्यानं एक पथ्य कटाक्षानं पाळावं: शिकणाऱ्याच्या हातातला कॅमेरा स्वतःच्या हातात घेऊ नये. चुकत असेल तर तोंडानं सांगावं. एकदा कॅमेरा काढून घेतला की शिकणारा प्रेक्षक होतो आणि मग दिवसभर प्रेक्षकच राहतो. कामं फिरती ठेवावीत. सकाळी ज्यानं दिग्दर्शन केलं त्यानं दुपारी माइक धरावा. नाहीतर बोलका मुलगा दिग्दर्शक होतो आणि गप्प मुलगी तीन दिवस ट्रायपॉड उचलत राहते.

चौकट, अंतर आणि जोड

१८९५ साली पॅरिसमध्ये ल्युमिए बंधूंनी दाखवलेल्या फिल्म साधारण पन्नास सेकंदांच्या होत्या, कारण कॅमेऱ्यात तेवढीच फिल्म मावायची. ७ जुलै १८९६ ला त्या मुंबईत वॉटसन हॉटेलात दाखवल्या गेल्या. त्या पाहून सावे दादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली. ही पन्नास सेकंदांची मर्यादा आजही उत्तम धडा ठरते. कॅमेरा एका जागी रोवायचा, हलवायचा नाही, झूम करायचा नाही, फक्त एक मिनिट चित्रण. एसटी स्टँड, पिठाची गिरणी, पाणवठा, शाळा सुटण्याची वेळ, काहीही चालेल. कॅमेरा कुठे ठेवायचा आणि चित्रण केव्हा सुरू करायचं, एवढे दोनच निर्णय शिकणाऱ्याच्या हाती राहतात, आणि दिग्दर्शनाचा पाया या दोन निर्णयांतच आहे.

त्यानंतर अंतराचा धडा. लाँग शॉट जागा सांगतो, मिड शॉट माणूस काय करतो ते सांगतो, क्लोजअप त्याच्या मनात काय चाललंय ते सांगतो. भाकरी थापणाऱ्या बाईचं चित्रण करायचं तर आधी चुलीसकट सगळं स्वयंपाकघर, मग कंबरेपासून वर ती, मग परातीतले हात, मग तव्यावर फुगणारी भाकरी आणि शेवटी तिचा चेहरा. असे पाच शॉट प्रत्येकी आठ-दहा सेकंद थांबून घेतले की संकलनाला पुरेसा माल मिळतो. नवशिक्याची नेहमीची खोड म्हणजे शॉट दोन सेकंदांत सोडणं किंवा कॅमेरा सतत इकडून तिकडे फिरवणं. 'मनात दहा आकडे मोज आणि मगच थांब' या एका सूचनेनं निम्मं काम सुधारतं.

दोन माणसं कट्ट्यावर बोलत असतील तर त्यांच्यामधून एक काल्पनिक रेघ आखावी आणि कॅमेरा रेघेच्या एकाच बाजूला ठेवावा. रेघ ओलांडली की पडद्यावर दोघंही एकाच दिशेला बघताना दिसतात आणि ते एकमेकांशी बोलताहेत असं वाटेनासं होतं. हा नियम फळ्यावर समजावायला वेळ लागतो. दोन मुलांना बसवून दोन्ही बाजूंनी चित्रण करून दाखवलं की लगेच पटतो.

जोड म्हणजे काय हे समजायला शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशोव्ह यांनी केलेला प्रयोग पुन्हा करून बघावा. त्यांनी एका नटाचा निर्विकार चेहरा कधी सूपच्या वाडग्याला, कधी शवपेटीला जोडला. बघणाऱ्यांना त्याच चेहऱ्यावर एकदा भूक आणि एकदा दुःख दिसलं. कार्यशाळेत एखाद्या आजोबांचा शांत चेहरा घ्यावा. तो आधी भेगाळलेल्या जमिनीला जोडावा, मग अंगणात खेळणाऱ्या नातीला. अर्थ दोन शॉटच्या मधे तयार होतो, हे इतक्या कमी साधनांत दुसऱ्या कशानं दाखवता येत नाही.

आवाज, उजेड आणि वीज

प्रेक्षक थोडं धूसर चित्र चालवून घेतो, पण ऐकू न येणारं बोलणं चालवून घेत नाही. म्हणून तुटपुंजे पैसे असतील तर ते आधी माइकवर खर्च करावेत. कॉलरला लावायचा साधा माइक दूर ठेवलेल्या फोनपेक्षा कितीतरी स्वच्छ आवाज देतो, कारण तो तोंडाजवळ असतो. मुलाखतीआधी पंखा आणि फ्रिज बंद करावा, फोन फ्लाइट मोडवर टाकावा, आणि बोलणं झाल्यावर त्याच जागेचा रिकामा आवाज अर्धा मिनिट वेगळा टिपून घ्यावा. संकलनात वाक्य कापलं की मधे पोकळी पडते, ती भरायला हाच आवाज कामी येतो.

उजेडासाठी खिडकी आणि थर्माकोलचा एक ताव पुरेसा असतो. माणसाला खिडकीच्या बाजूला बसवावं म्हणजे अर्ध्या चेहऱ्यावर उजेड पडतो, आणि दुसऱ्या बाजूनं थर्माकोल धरला की सावली हलकी होते. सरस्वतीबाईंची चादर हेच काम करत होती, आणि सिनेमाच्या सेटवर थर्माकोल आजही वापरतात. भर दुपारच्या उन्हात डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. बाहेरचं चित्रण सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर ठेवावं.

ट्यूबलाइटखाली केलेलं चित्रण कधी कधी लुकलुकतं, त्याचं कारण विजेत आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्यानं अशी ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते. बरेच फोन मुळात सेकंदाला ३० चौकटी टिपायला लावलेले असतात आणि त्यांचा मेळ या गतीशी बसत नाही. फोनमध्ये सेकंदाला २५ चौकटी आणि शटर १/५० ठेवता आलं तर लुकलुक थांबते. फोकस आणि उजेडाचं माप कुलूपबंद करायची सोयही बहुतेक फोनमध्ये असते. चित्रण चालू असताना चेहरा अचानक उजळ-काळा होऊ नये म्हणून ती जरूर वापरावी.

आपल्या जागेवरून पाहणाऱ्या बाया

स्थानिक कार्यशाळेतून काय घडू शकतं याचे भक्कम दाखले आपल्या देशातच आहेत. अहमदाबादेत इला भट्ट यांनी १९७२ साली स्थापन केलेल्या 'सेवा' या असंघटित कामगार स्त्रियांच्या संघटनेत १९८४ मध्ये व्हिडिओचं शिक्षण झालं. अमेरिकेहून आलेल्या मार्था स्टुअर्ट यांनी ते घेतलं. शिकणाऱ्यांत भाजी विकणाऱ्या स्त्रिया होत्या आणि काहींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांनी यंत्रावरची बटणं खुणांनी लक्षात ठेवली आणि कॅमेरा चालवला. त्यातून 'व्हिडिओ सेवा' उभी राहिली आणि रस्त्यावर बसणाऱ्या विक्रेत्या बायांची बाजू त्यांच्याच संघटनेतल्या बायांच्या कॅमेऱ्यातून अधिकाऱ्यांपर्यंत पोचू लागली.

तेलंगणात झहीराबादजवळच्या पस्तापूर परिसरात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित शेतकरी स्त्रियाही अशाच शिकल्या. कॅमेरा कुठल्या उंचीवरून पाहतो याचा अर्थ त्यांनी स्वतःच्या जगण्यातून लावला. वरून खाली पाहणारा तो पाटलाचा शॉट, कारण पाटील उंचावर बसून त्यांच्याकडे तसाच बघायचा. खालून वर पाहणारा तो वेठबिगाराचा. डोळ्याला डोळा भिडवून पाहणारा तो संघमचा, म्हणजे त्यांच्या बचतगटाचा, जिथं सगळ्या एका पातळीवर बसतात. आपल्या माणसांचं चित्रण याच शेवटच्या शॉटनं करायचं, असं त्यांनी ठरवलं. हाय अँगल आणि लो अँगल पुस्तकातून शिकवता येतात, पण सत्ता आणि कॅमेऱ्याची उंची यांचं नातं या बायांनी ज्या स्पष्टपणे सांगितलं तसं क्वचितच कुणी सांगितलं असेल. पुढे त्यांनी वारंगळच्या शेतकऱ्यांच्या बीटी कापसाच्या अनुभवावर फिल्म केली आणि ती देशाबाहेरही पाहिली गेली.

मराठी मुलखाशी थेट नातं असलेलं काम 'युगांतर' या स्त्रियांच्या चित्रपटगटानं १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला केलं. दीपा धनराज आणि सहकाऱ्यांच्या या गटानं पुण्यातल्या घरकामगार बायांच्या संघटनेवर 'मोलकरीण' हा माहितीपट केला आणि निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रियांवर आणखी एक. कॅमेरा गटाकडे होता, पण काय दाखवायचं हे त्या बायांसोबत राहून, बोलून ठरलं आणि आपले अनुभव बायांनी कॅमेऱ्यापुढे स्वतः उभे केले.

मालेगावात तर कार्यशाळेची पाटी लावायचीही गरज पडली नाही. यंत्रमागांच्या या गावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी दुसऱ्यांचे चित्रपट बघत आणि कापत-जोडत संकलन आत्मसात केलं. २००० साली त्यांनी 'मालेगाव के शोले' केला. सायकलवरून कॅमेरा फिरवायचा, बैलगाडीची क्रेन करायची, यंत्रमाग कामगारांनी अभिनय करायचा आणि तो गावानंच बघायचा, अशी त्यांची पद्धत. फैजा अहमद खान यांच्या २००८ च्या माहितीपटामुळे ही धडपड जगाला कळली.

दाखवणं हाच खरा धडा

या सगळ्या उदाहरणांत समान धागा आहे तो प्रेक्षकाचा. कॅनडात १९६७ साली नॅशनल फिल्म बोर्डाचे कॉलिन लो फोगो बेटावरच्या मच्छीमारांमध्ये गेले. बेट रिकामं करून लोकांना दुसरीकडे हलवावं असा विचार सरकारदरबारी चालू होता. लो यांनी तिथं २७ छोट्या फिल्म केल्या, आणि त्या आधी बेटावरच्याच वस्त्यांत दाखवल्या. एका वस्तीची अडचण दुसरीलाही आहे, हे लोकांना पडद्यावर दिसलं. मग त्या सरकारला दाखवल्या गेल्या, मंत्र्याचं उत्तर चित्रित झालं आणि ते पुन्हा बेटावर आलं. लोकांनी सहकारी संस्था उभी केली आणि बेट सोडलं नाही. समाजासोबत व्हिडिओ करणारे आजही हा प्रयोग आपला आरंभ मानतात.

शिकणाऱ्याच्या दृष्टीनंही हाच क्षण निर्णायक असतो. समोर बसलेली काकू 'आमच्या गल्लीत तर असं नाही' म्हणते, तेव्हा माहिती अपुरी राहिल्याचं कळतं. विनोदावर कुणी हसत नाही, तेव्हा शॉट लांबल्याचं कळतं. एखाद्या जागी सगळे एकदम गप्प होतात, तेव्हा आपण काय कमावलं ते कळतं. अनोळखी माणसाचा लाइक यातलं काहीच शिकवत नाही. म्हणून शेवटच्या संध्याकाळचं प्रदर्शन कार्यक्रमपत्रिकेत आधी लिहावं आणि बाकीचे तास त्यामागे आखावेत. प्रदर्शनानंतर चर्चेला पुरेसा वेळ द्यावा आणि त्या चर्चेतून निघालेली दुरुस्ती करूनच फिल्म पुरी झाली असं मानावं.

कॅमेरा हाती आला की जबाबदारीही येते. ज्याचं चित्रण करायचं त्याला ते कशासाठी आणि कुठं दाखवलं जाणार हे आधी सांगावं, लहान मुलांच्या बाबतीत पालकांना विचारावं, आणि प्रदर्शनाआधी संबंधितांना फिल्म दाखवून आक्षेपाचा भाग काढावा. चित्रपटातलं लोकप्रिय गाणं परवानगीशिवाय वापरू नये. गावातलं भजनी मंडळ, हलगी वाजवणारा मुलगा, जात्यावरची ओवी आठवणारी आजी यांना विचारलं तर फिल्मला स्वतःचं संगीत मिळतं. चित्रण त्याच दिवशी दोन ठिकाणी साठवून ठेवावं. एकाच मेमरी कार्डावर भिस्त ठेवणं धोक्याचं असतं.

बऱ्याच कार्यशाळा उत्साहात होतात आणि नंतर सगळं शांत होतं, ही खरी अडचण आहे. तिच्यावर उपाय म्हणजे महिन्यातून एकदा जमायचं, एकानं नवीन तीन मिनिटं दाखवायची, बाकीच्यांनी बोलायचं. नागराज मंजुळे यांनी अहमदनगरला जनसंज्ञापनाचं शिक्षण घेताना केलेला 'पिस्तुल्या' हा लघुपट राष्ट्रीय पुरस्कारापर्यंत गेला, आणि 'फँड्री'च्या मुख्य भूमिकेसाठी त्यांनी गावातलाच, कधी कॅमेऱ्यापुढे न आलेला मुलगा उभा केला. अशी दृष्टी सरावानं आणि आपल्या परिसराशी इमान राखून येते. सगळेच राष्ट्रीय पुरस्कारापर्यंत जाणार नाहीत, आणि कार्यशाळेचं यश त्यावर मोजूही नये. गावातल्या शेवटच्या बुरुडाचं किंवा कासाराचं काम कुणीतरी नीट टिपून ठेवलं, पाणीटंचाईची बाजू ग्रामसभेत पडद्यावर मांडली गेली, एका मुलीला आपलं म्हणणं चार लोकांपुढे ठेवायचा धीर आला, तरी कार्यशाळा सार्थकी लागली असं मी म्हणेन.

महाराष्ट्राला यासाठी नव्यानं पाया घालायचा नाही. पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून महाविद्यालयीन मुलांना रंगमंचावर आणतो आहे, उन्हाळी नाट्यशिबिरं गावोगाव होतात, गणेशोत्सव मंडळांकडे ध्वनिक्षेपक आणि माणसं दोन्ही असतात. राज्यात शासनमान्य सार्वजनिक वाचनालयंच अकरा हजारांहून अधिक आहेत. यंदाच्या हिवाळ्यात तुमच्या वाचनालयाच्या कार्यवाहांना भेटा, एक खोली आणि दोन दिवस मागा, दहा जणांना गोळा करा आणि शेवटच्या संध्याकाळी गल्लीला बघायला बोलवा. पहिली फिल्म तीन मिनिटांपेक्षा लांब करू नका, आणि दुसरीची तारीख त्याच संध्याकाळी जाहीर करा.